जुन्या ट्रकच्या मूळ चाकांवर रेडियल टायर बसवताना

आमच्या घरी १९६७ सालचा टाटा-मर्सिडीज १२१० आहे. टाटांचा जर्मन कंपनीशी करार १९५४ ते १९६९ चालला, त्या काळातली ही गाडी, म्हणून तिच्या जाळीवर अजून तो तीन टोकांचा तारा आहे. आजोबांनी तिच्यावर ऊस वाहिला, पोती वाहिली. आता ती माल नेत नाही. वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघते, आणि त्या चार-पाच वेळांसाठी मी उरलेलं वर्ष तिच्यावर काम करतो.

दर वेळी पहिले काही किलोमीटर गाडी थडथडत जायची. नायलॉन टायरवर गाडी महिनाभर उभी राहिली की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, आणि गरम होईपर्यंत तो गोल होत नाही. शिवाय डांबरात उमटलेल्या चाकोरीत गाडी आपली आपण ओढली जायची, स्टिअरिंग सतत सावरावं लागायचं. रेडियल घातल्यावर हे दोन्ही त्रास गेले. पण घालताना मी काही चुका केल्या आणि काही चुका सुदैवाने टळल्या. ज्यांच्याकडे वडिलांचा-आजोबांचा जुना ट्रक आहे, आणि मूळची २० इंची चाकं ठेवूनच रेडियल घालायचे आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. डॉज, फार्गो, बेडफर्ड, लेलँड यांपैकी काहीही असो, २० इंची रिंगवाली चाकं असतील तर बहुतेक गोष्टी सारख्याच लागू पडतात.

नायलॉन आणि रेडियल यांत फरक काय

बाजारात ज्याला आपण नायलॉन टायर म्हणतो त्यात धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असतात. त्यामुळे टायरची बाजू आणि माथा एकत्रच वाकतात. रेडियलमध्ये धागे एका काठापासून (काठ म्हणजे रिमवर बसणारी टायरची आतली कड) दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि माथ्याखाली पोलादी पट्टे असतात. बाजू लवचीक, माथा ताठ. मिशेलिन कंपनीने याचं पेटंट १९४६ साली घेतलं आणि १९४९ साली असा टायर बाजारात आणला. आपल्याकडच्या ट्रकना मात्र पुढे कित्येक दशकं नायलॉनच लागत राहिले. म्हणजे तुमच्या गाडीची रिम, स्टिअरिंग, गाडीसोबत आलेल्या पुस्तकातले हवेचे आकडे, सगळं नायलॉन गृहीत धरून ठरलेलं आहे. रेडियल घालताना यातली प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावी लागते.

आधी रिम ओळखा

टायरच्या दुकानात जाण्याआधी एक चाक उतरवून धुवा आणि रिमवर काय कोरलंय ते वाचा. रंगाच्या थरांखाली आकडे लपलेले असतात; तारेच्या ब्रशने घासलं की वर येतात. माझ्या रिमवर ७.०-२० होतं, म्हणजे रुंदी ७ इंच आणि व्यास २० इंच. ही रुंदी ९.००-२० टायरसाठी असते. ८.२५-२० साठी साधारण ६.५ इंची रिम लागते, १०.००-२० साठी ७.५ इंची. काही रिमवर जास्तीत जास्त भार आणि हवेचा दाब कोरलेला असतो. असेल तर तो आकडा वहीत लिहून ठेवा, कारण रेडियलला अनेकदा नायलॉनपेक्षा जास्त हवा लागते आणि जुनी रिम त्या दाबासाठी बनलेली असेलच असं नाही.

मग रिंग पाहा, म्हणजे टायरला रिमवर अडकवून ठेवणारं पोलादी कडं. काही चाकांना एकच चिरलेली रिंग असते, जी टायरचा काठही धरते आणि स्वतः खाचेतही बसते. काहींना दोन असतात: एक अखंड बाजूची रिंग आणि तिला अडकवणारी चिरलेली लॉक रिंग. तिसरा प्रकार आपल्याकडे क्वचित दिसतो, पण परदेशातून आलेल्या जुन्या गाडीला असू शकतो. त्यात रिमचेच दोन अर्धे भाग टायरच्या आत एकमेकांत अडकतात, त्यामुळे जोड बाहेरून दिसतच नाही. अमेरिकेत अशा रिमला ‘विडोमेकर’, बायकोला विधवा करणारी, असं नाव पडलं आहे. ती सापडली तर तिच्यावर कुठलाही टायर चढवू नका. चाकच बदला.

दुकानदार बहुधा १०आर२२.५ टायर पुढे करील, आणि उंचीला तो ९.००-२० च्या अगदी जवळ असतो. पण तो ट्यूबलेस आहे. त्याची रिम एकसंध, मधे खोल, आणि काठ बसायची जागा १५ अंशांची. आपल्या जुन्या रिमचं बूड सपाट आणि काठाची जागा ५ अंशांची. तो टायर या रिमवर कुठल्याही युक्तीने बसत नाही. मूळ चाकं ठेवायची तर २० इंची, ट्यूबचाच रेडियल घ्यायचा, हे मनात पक्कं करून दुकानात जा.

माप वाढवायचा मोह

‘९.०० कशाला, १०.०० घाला, गाडी भारदस्त दिसेल,’ असं सांगणारे भेटतातच. ९.००आर२० चा व्यास साधारण १०१८ मिलिमीटर आणि १०.००आर२० चा साधारण १०५४. म्हणजे गाडी साडेतीन टक्के जास्त वेगाने पळते आणि काटा मात्र जुनाच वेग दाखवतो. त्याहून मोठी अडचण मागच्या जोडी टायरांत येते. रेडियलचं पोट नायलॉनपेक्षा जास्त फुगतं. टायर रुंद घेतला आणि जोडीतल्या दोन चाकांमधलं अंतर तेच राहिलं, तर भार आल्यावर दोन्ही पोटं एकमेकांना घासतात, तापतात आणि फाटतात. दोन टायरांत किती अंतर हवं हे प्रत्येक टायर कंपनीच्या माहितीपत्रकात मापानुसार दिलेलं असतं. आपल्या चाकांचं अंतर मोजून त्याच्याशी ताडून पाहा. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर स्प्रिंगच्या पट्ट्याला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला लागत नाही ना, तेही बघा. माझा सल्ला सरळ आहे: जे माप होतं तेच घ्या.

खरेदी

टायरवरचं माप वाचताना मधे रेघ असेल तर नायलॉन, ‘आर’ असेल तर रेडियल. आयएसआयची खूण बघा. भाराचे दोन आकडे असतात. १४४/१४२ के असं लिहिलेलं असेल तर एकटा टायर २८०० किलो उचलतो आणि जोडीत असताना प्रत्येकी २६५० किलो. के म्हणजे ताशी ११० किलोमीटर. अशा सहा टायरांची एकूण ताकद १६,२०० किलो होते. १२१० चं भरल्या गाडीचं वजन १२ टन, त्यामुळे ताकद पुरेशी आहे. बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आपली गाडी कमी चालते, टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. म्हणून ताजा टायरच मागा, दोन वर्षं गोदामात पडलेला सवलतीत मिळाला तरी नको.

सहाही टायर एकदम बदला आणि स्टेपनीही रेडियलच ठेवा. एका धुरेवर, आणि जोडीत तर मुळीच, नायलॉन आणि रेडियल एकत्र चालवू नका. दोघांची वाकायची तऱ्हा वेगळी असल्यामुळे भार सारखा वाटला जात नाही आणि वळणावर गाडी भलतीच वागते.

ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) नवे घ्या, आणि ट्यूबवर ती रेडियलसाठी असल्याचं छापलेलं आहे याची स्वतः वाचून खात्री करा. मला एका दुकानात नायलॉनची ट्यूब दिली होती, ‘काही फरक पडत नाही’ म्हणून. खंबाटकी घाट चढून उतरलो आणि मागचं आतलं टायर बसलं. ट्यूब काढली तर जोडाच्या जागी सरळ रेषेत फाटलेली. रेडियलची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि ते सोसायला ट्यूबचा जोड तसाच बनवलेला लागतो. रेडियलची ट्यूब नायलॉनमध्ये चालून जाते, उलटं चालत नाही. फ्लॅपही मापाचाच हवा. लहान असेल तर ट्यूब रिमच्या फटीत चिमटते, मोठा असेल तर त्याला घड्या पडतात.

चाक उतरवणं

इथे घाई करू नका. हवा भरलेल्या ९.००-२० टायरमध्ये १०० पौंड दाब असतो तेव्हा टायरचा काठ रिंगला किती जोराने बाहेर ढकलतो, याचा मी एकदा कागदावर हिशेब केला. उत्तर १५ टनांच्या वर आलं. म्हणजे पूर्ण भरलेल्या १२१० च्या वजनाहून जास्त जोर त्या एका पोलादी कड्यावर असतो, आणि ते कडं एका गंजक्या खाचेत अडकलेलं असतं. सुटलं तर समोरच्या माणसाला हलायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी सपाट कडक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. नटला पान्हा लावण्याआधी व्हॉल्वमधली पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडी असेल तर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरांची. बाहेरच्या चाकाचे नट सैल करताना आतल्या चाकाची तडकलेली रिम सुटू शकते, म्हणून दोन्ही. फुस्स आवाज थांबला म्हणजे हवा संपली असं समजू नका; व्हॉल्वमध्ये कचरा अडकतो, तार घालून बघा.

नट न हलल्यास आटे बघा. डॉज-फार्गो, बेडफर्ड अशा गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, बोल्टच्या टोकावर बहुधा ‘एल’ कोरलेला असतो. उलट्या आट्यावर चार फुटी पाइप घालून जोर लावला की बोल्टच तुटतो आणि तसा बोल्ट पुन्हा मिळवायला महिने जातात. गाडी जॅकवर घेतली की धुरेखाली ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालू नका.

चाक आडवं टाकून रिंग वर ठेवा. काठ अनेक वर्षांत रिमला चिकटलेला असतो. साबणाचं पाणी सोडून दहा मिनिटं थांबा, मग दोन पहारींनी थोडं थोडं, गोल फिरत दाबा. रिंगच्या खाचेत पहार घालून एका जागी जोर दिला तर रिंग वाकते, आणि वाकलेली रिंग पुन्हा कधी नीट बसत नाही.

रिमची तपासणी: सगळं काम इथेच आहे

टायर बसवायला अर्धा दिवस लागतो. रिमना मला तीन आठवडे लागले, आणि सातपैकी दोन बाद झाल्या.

आधी सगळा गंज आणि रंग काढा. सँड ब्लास्टिंग करून घेतलं तर उत्तम, कारण तड गेलेली असेल तर ती रंगाखाली दिसत नाही. चार जागा नीट पाहा: बोल्टच्या भोकांभोवती, हात घालायच्या मोठ्या भोकांच्या कोपऱ्यांत, व्हॉल्वच्या खाचेच्या टोकांना, आणि रिंग ज्यात बसते त्या खोबणीच्या तळाला. शंका असेल तिथे मशीन शॉपमध्ये लाल रंगाच्या द्रवाने तड तपासून घ्या. खर्च फार नसतो. रेडियलची लवचीक बाजू रिमच्या काठाला नायलॉनपेक्षा वेगळ्या रीतीने वाकवत राहते, त्यामुळे आधीची बारीक तड पुढे लवकर वाढते.

तड गेलेली, वाकलेली, खोबणी खाल्लेली रिम भंगारात. वेल्डिंग नको, तापवून ठोकणं नको. आपल्याकडे वेल्डर म्हणेल, ‘अशी भरून देतो की कळणार नाही.’ कळणार नाही हेच तर भय आहे. गंजाने पडलेले उथळ खड्डे चालतात, पण खोबणीची कड नखाला बोथट किंवा खाल्लेली लागली तर ती रिम सोडा.

रिंग ज्या रिमची त्याच रिमला घालायची. उतरवताना प्रत्येक जोडीवर रंगाने आकडा घाला. दोन कंपन्यांच्या रिंगा डोळ्यांना सारख्या दिसतात, पण त्यांचा उतार वेगळा असतो. रिंग जमिनीवर ठेवून सपाट बसते का पाहा. मग टायर न घालता रिमवर चढवून बघा: पूर्ण घेर खोबणीत बसली पाहिजे, कुठेही उचललेली दिसता कामा नये. जुन्या बाजारातून बदली रिम आणणार असाल तर रिंगसकट, एकाच चाकाची आणा.

रंग पातळ द्या. प्रायमरचा एक हात आणि वर रंगाचा एक. रिंगची खोबणी, काठाची जागा, नट जिथे टेकतात ती जागा आणि जोडीतल्या दोन चाकांच्या डिस्क (मधल्या तबकड्या) एकमेकींना भिडतात ती जागा, इथे जाड थर राहू देऊ नका. रंग दाबाखाली चेपतो आणि नट सैल पडतात. पावडर कोटिंग दिसायला सुंदर असतं, पण याच कारणासाठी मी ते टाळलं.

टायर चढवणं

टायरच्या आत हात फिरवा. दुकानाचा चिकटवलेला कागद, लाकडाची कपची, काहीही आत राहिलं तर रेडियलमध्ये ते ट्यूब कापतं. आतून शंखजिऱ्याची पूड हलकीच लावा. ढीग नको, तो एका जागी गोळा होतो. ट्यूबमध्ये ती गोल दिसेल इतकीच हवा भरून आत बसवा, मग फ्लॅप, आणि फ्लॅपला कुठे घडी पडली नाही हे पूर्ण घेर बोटांनी चाचपून बघा. काठाला साबणाचं दाट पाणी किंवा टायरसाठी मिळणारं मलम लावा. ग्रीस, डिझेल, जुनं ऑइल लावायची पद्धत अजून दिसते. रबर त्याने कुजतं आणि काठ रिमवर घसरतो.

रिम आडवी ठेवून व्हॉल्व खाचेच्या रेषेत धरा आणि टायर सरळ खाली सोडा. रेडियलची बाजू मऊ असल्याने तो नायलॉनपेक्षा सहज जातो. मग रिंगा. चिरलेल्या रिंगची फट व्हॉल्वच्या बरोबर समोरच्या बाजूला आणा. रबरी किंवा लाकडी हातोड्याने, हवा नसतानाच, पूर्ण घेर ठोकून बसवा.

हवा भरणं

लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच हवा भरा. अमेरिकेत अशा रिंगवाल्या चाकांच्या कामासाठी १९८० पासून कायद्याने पिंजरा आवश्यक आहे. आपल्याकडे महामार्गावरच्या मोठ्या टायर दुकानांत तो असतो; नसेल तर पुढच्या गावी जा. साखळी गुंडाळून, किंवा चाक गाडीखाली सरकवून हवा भरायची पद्धत मी पाहिली आहे. माझ्या गाडीचं काम मी तसं करू देत नाही.

नळी लांब हवी आणि तिचं टोक व्हॉल्वला चिमट्यासारखं अडकणारं हवं, म्हणजे हात लावून उभं राहावं लागत नाही. आधी फक्त काठ जागेवर येईल इतकी, १० पौंडांच्या आसपास हवा घालून थांबा आणि बाजूला उभं राहून रिंग पाहा. कुठे उचललेली असेल तर हवा पूर्ण सोडा, पिन काढा, मग दुरुस्त करा. हवा असताना रिंगवर हातोडा मारायचा नाही, एक टोलाही नाही.

रिंग नीट असेल तर पूर्ण दाबापर्यंत भरा. मग सगळी हवा सोडून द्या आणि पुन्हा भरा. हे दुसऱ्यांदा भरणं बहुतेक जण गाळतात. पहिल्यांदा ट्यूब फुगताना टायरला चिकटते आणि कुठे ताणलेली, कुठे दुमडलेली राहते. सोडून भरली की ती मोकळी होऊन सारखी पसरते. शेवटी टायरच्या बाजूवर काठाजवळ जी बारीक उठावाची रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का पाहा.

गाडीवर चढवल्यानंतर

जोडीतले दोन टायर उंचीला सारखे हवेत. मी फरक ६ मिलिमीटरच्या आत ठेवतो. दोन्हींचे व्हॉल्व समोरासमोर आणा, म्हणजे हाताच्या भोकातून आतल्या टायरची हवा तपासता येते. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण ताजा रंग चेपलेला असतो.

हवेचा दाब टायर कंपनीच्या तक्त्यावरून, प्रत्यक्ष धुरेवरच्या भारानुसार ठरवा. गाडीच्या जुन्या पुस्तकातला आकडा नायलॉनचा आहे. रिकामी गाडी असली तरी तक्त्यातल्या सर्वांत कमी आकड्याच्या खाली जाऊ नका आणि रिमवर कोरलेल्या दाबाच्या वर जाऊ नका. या दोहोंत जागाच उरत नसेल, तर ती रिम रेडियलसाठी नाही. डोळ्यांवर विसंबू नका: रेडियलचं पोट हवा बरोबर असतानाही बसल्यासारखं दिसतं, आणि टायरवर हातोडी वाजवून हवा ओळखायची आपल्या क्लीनर लोकांची सवय इथे फसते. थंड टायरला गेज लावा.

ठरलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर रेडियल चालला असेल, तर त्यात तशीच हवा भरू नका. उतरवून आतून बघा. बाजूतल्या पोलादी तारा वाकून वाकून तुटलेल्या असू शकतात, आणि हवा भरताना बाजू चेन उघडावी तशी सरळ फाटत जाते.

रस्त्यावर पहिला फरक स्टिअरिंगमध्ये जाणवेल. चालत्या गाडीत ते शांत होतं, उभ्या गाडीत मात्र जड. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला थोडं हलवूनच वळवा. किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती खुंटी) आणि स्टिअरिंग रॉडच्या बॉलमध्ये ढिलाई असेल तर ती आता स्पष्ट कळते. ती काढून टाका आणि मग अलाइनमेंट करा. पुढच्या चाकांची आत वळलेली मांडणी रेडियलला नायलॉनपेक्षा कमी लागते. जुन्या मापावर ठेवली तर टायरची बाहेरची कड करवतीसारखी झिजायला लागते.

उतरवलेले नायलॉन टायर चांगले असतील तर ऊस वाहणाऱ्या टायरगाडीवाल्यांना विचारा, त्यांना ते लागतात. मी पाच दिले. एक ठेवला आहे, आजोबांनी शेवटचा बसवलेला, शेडच्या भिंतीला लाकडाच्या फळीवर उभा.